ट्रॉली वर आहे

लाईट गेली की आमच्या कॉलेजात बाकी सगळ्यांना बरं वाटायचं. प्राचार्यांच्या केबिनमधला पंखा थांबायचा, ते घरी जेवायला जायचे, आणि आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये पाय लांब करून बसायचो. फक्त कोपऱ्यातल्या लॅबमधून एक जाड, दमलेला आवाज यायचा, "हात मागं! ट्रॉली वर आहे!" त्यानंतर तिथं अशी शांतता व्हायची की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीतून डोकावून बघायची. आत वर्गभर मुलं-मुली पाठीमागं हात बांधून उभी, संगणकांचे पडदे काळे, आणि मधोमध त्यांचे सर स्वतः, तसेच हात मागं बांधून, छताकडे बघत.

ट्रॉली कुठंही नसायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस गेला कामातून. पुढंही बरीच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत ड्रॉइंग शिकवलं, आणि ते मत अगदीच बदललं असं अजूनही म्हणवत नाही.

आमचं पॉलिटेक्निक शिरूरच्या बाहेर माळावर होतं. खासगी संस्था, विनाअनुदानित, आणि आम्ही बहुतेक जण वर्षावर्षाच्या ऑर्डरीवर. दर मे महिन्यात नोकरी जायची आणि जूनमध्ये मिळाली तर मिळायची. हे लॅबमधले सर हायड्रॉलिक्स शिकवायचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं. जेसीबीचा हात, कंपनीतली प्रेस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालचा जॅक, सगळं त्यात येतं. या विषयाला खरं यंत्र लागतं. त्यासाठी लॅबमध्ये एक भक्कम लोखंडी टेबल आणून ठेवलं होतं. टेबलावर ठेवायचं यंत्र यायचं होतं. ते येईपर्यंत म्हणून संस्थेनं थोडे संगणक दिले आणि कुणीतरी पुण्याहून एक सीडी आणली. 'येईपर्यंत' हा आमच्या संस्थेचा लाडका शब्द. मीसुद्धा कायम होईपर्यंत म्हणूनच तिथं लागलो होतो.

त्या सीडीतला प्रोग्राम मात्र गमतीचा होता. पडद्यावर पंप, व्हॉल्व, सिलिंडर यांची चित्रं माऊसनं ओढून आणायची, रेघांनी जोडायची आणि स्टार्टवर टिचकी मारायची. की रेघांतून तेल धावायला लागायचं, दाब असलेली रेघ लाल व्हायची, सिलिंडरचा दांडा हळूहळू बाहेर यायचा. स्टॉप दाबलं की दांडा परत आत, दाब झीरो. पोरं हरखून जायची. घरी ट्रॅक्टर असलेली पोरं तर जास्तच, कारण ट्रॅक्टरचं पोट आतून असं कुणी दाखवलं नव्हतं.

पण सीडी डेमोची होती. काढलेलं सर्किट सेव्ह व्हायचं नाही, आणि थोडा वेळ चाललं की प्रोग्राम आपोआप मिटायचा. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. हे म्हणायचे, "बरंय. कालचं काल गेलं. आज पुन्हा काढा." पोरं कुरकुरत रोज तेच सर्किट काढायची आणि परीक्षेत डोळे मिटून काढून यायची.

त्यांच्या खांद्याला एक कळकट पिशवी असायची. तिच्यात जेवणाचा डबा आणि एक जाड पुठ्ठा. कॉलेजात येण्याआधी त्यांनी साखर कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम केलं होतं, तिथली ही सवय. दाबाखालच्या पाईपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तिथून निघणारं तेल कातडी फोडून आत जातं, म्हणून गळती शोधायला हात कधी फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. एवढं शास्त्र. पण हे तो पुठ्ठा चहाच्या टपरीवर गॅसच्या नळीपाशी धरून बघायचे, स्टाफरूममधल्या कूलरखाली सरकवायचे, एसटीत त्यानंच वारा घ्यायचे आणि सीट फाटकी असली तर त्यावर बसायचे. वर्गात त्याचा आणखी एक उपयोग होता. स्टार्ट दाबायच्या आधी पोरानं तेलाचा सगळा प्रवास तोंडानं सांगायचा. कुठून निघालं, कुठं अडलं, परत कशातून गेलं. कुणी चाचरत पडद्याकडं बघायला लागलं की पुठ्ठा पडद्यासमोर यायचा.

"सर, दिसंना की."

"तेल तरी कुणाला दिसतं? सांग."

पोरं त्यांना मागं 'प्रेशर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "ड्रॉइंगवाले, तुम्हाला काय म्हणतात माहितीये?" मी म्हटलं, नका सांगू. ते खरंच सांगत नसत, हा त्यांचा मोठा गुण.

उत्साही माणसांचा मला तेव्हाही त्रास व्हायचा. नवीन आलेले मास्तर पहिलं वर्षभर उड्या मारायचे आणि मग आमच्यासारखे व्हायचे. हे उत्साही नव्हते. दौंडहून रोज एसटीनं यायचे, उतरायचे तेच वाकून, अंग आंबलेलं. बायको रेल्वेत, म्हणून क्वार्टर दौंडला. एकदा मी विचारलं, शिरूरला आठवड्यापुरती खोली का बघत नाही? म्हणाले, "बघितली की. खोली चांगली होती. आडनाव विचारेपर्यंत." आणि डबा उघडून जेवायला लागले. त्यांच्या डब्यातलं वांग्याचं भरीत त्यांनी माझ्या पोळीवर वाढलं, ते खाल्लं.

तर एवढा दमलेला माणूस, आणि लाईट गेली की पोरांना घेऊन अंगणात. त्या वर्षांत भारनियमन असं की संगणक निम्मा वेळ झाकूनच असायचे. मग लिंबाच्या झाडाखाली पोरांचंच सर्किट व्हायचं. खडूनं आखलेल्या गोलात पोरं बसलेली, ती टाकीतलं तेल. एक दांडगा पोरगा पंप, तो त्यांना एकेक करून ढकलायचा. रेघेत उभं राहून पोरं पुढं सरकायची आणि शेवटची दोघं एक मोडका बाक रेटायची, तो सिलिंडर. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली एक अबोल मुलगी होती, तिला त्यांनी रिलीफ व्हॉल्व केलं. दाब फार वाढला की तेलाला टाकीत परत जायला वाट देणारा हा व्हॉल्व. तिनं विचारलं, "सर, मी कवा उघडायचं?"

"तुला सोसेनासं झालं की."

आणि पुढच्या पोराकडं वळता वळता म्हणाले, "घरी पण."

मुलगी हसली. ती हसलेली मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहिली.

"तेल दाबलं जात नाही, माणूस दाबला जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिकवताना म्हणायचे, पगार लांबला की म्हणायचे, एसटीत चेंगराचेंगरी झाली तरी म्हणायचे. आम्हाला त्याचा कंटाळा आला होता. त्यांनाही आला असावा, पण दुसरं वाक्य त्यांच्याकडं नव्हतं.

आता ट्रॉली कुठून आली ते सांगतो.

हिवाळ्यातली दुपार होती. मला दौंडहून गाडी धरायची होती, म्हणून त्यांच्याबरोबर निघालो होतो. फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. पलीकडं रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा, मागं मुरमाची ट्रॉली, ती तिरपी वर उचललेली. पुढचं टोक आभाळात, मुरूम निम्मा पडलेला, निम्मा आतच. ट्रॉलीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. पाय हलत होते, म्हणजे माणूस आत काहीतरी खटपट करत होता. त्यांनी विचारलं, "कोण रे?"

आतून आवाज आला, "सर, मी हाय!"

तो आमचाच पोरगा निघाला. इनामगावकडचा, नुकताच पास झालेला, संगणकावर सर्किट चालवण्यात वर्गात पहिला. गावच्या उत्खननावरून हे त्याची नेहमी थट्टा करायचे, की तुमच्या गावची मडकी हजारो वर्षं शाबूत राहिली, तू निदान डिप्लोमा होईपर्यंत शाबूत राहा.

"काय करतोस तिथं?"

"जॅक अडाकलाय सर. लिव्हर हालंना. पाईपचा नट जरा ढिला करतो, त्येल निघालं की ट्रॉली आपसूक बसंल."

"बाहेर ये. आत दाब आहे."

"न्हाई सर, इंजिन बंद केलंय की! पंप बंद म्हंजी झीरो. तुम्हीच तर शिकिवलंय."

त्यांना पळताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. पिशवी माझ्या पायांवर टाकली, रस्ता ओलांडला, पोराचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला खसकन मागं ओढलं. पोरगा पाठीवर घसरत बाहेर आला, शर्ट फाटलेला, हातात पाना तसाच. घाबरून त्यानं शिवीच दिली, मग सर आहेत हे आठवून जीभ चावली.

ट्रॉली पडली नाही. नट अजून फिरला नव्हता. काहीच झालं नाही, म्हणून तर हा प्रसंग शिरूर तालुक्यात कुणी सांगत नाही.

त्यांनी ट्रॉलीखाली ओंडके लावायला लावले. जमलेल्या लोकांना फावडी धरायला लावून उरलेला मुरूम खाली ओढायला लावला. एक आप्पा म्हणाले, "आवो मास्तर, नट सोडला आस्ता तर यवढ्यात झालं आस्तं!" ह्यांनी त्यांच्याच हातात एक फावडं दिलं. शेवटी इंजिन चालू करून, ओंडके लांबूनच ओढून काढून, लिव्हरला दोरी बांधून, सगळ्यांना लांब उभं करून त्यांनी ती दोरी हळूहळू हिसडली. जॅक कुरकुरला आणि ट्रॉली इंचाइंचानं खाली आली. ती टेकली तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "उतरला." म्हणजे भार.

आमची एसटी केव्हाच गेली होती. पुढची मिळाली तेव्हा बसायला जागा नव्हती. दांडीला लोंबकळत ते म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही. पडद्यावर स्टॉप दाबलं की सिलिंडर आत जातो, दाब झीरो होतो. मीच दाखवलं त्याला. रोज. वर पाठ थोपटून."

मी म्हटलं, "पुस्तकात तर आहे ना, की पंप बंद झाला तरी भाराखालचं तेल अडकून राहतं म्हणून. परीक्षेत लिहिलंही असेल त्यानं."

"लिहिलं असेल. पुस्तक हाताला कुठं माहिती असतं, ड्रॉइंगवाले?"

त्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो, माझी गाडीही चुकली होती. दारात त्यांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, खाटेवर बसले आणि म्हणाले, "उतरला." स्वयंपाकघरातून त्यांच्या बाई बाहेर आल्या. "आज हे काय नवीन?" त्यांनी विचारलं. ह्यांनी सगळं सांगितलं. ते ऐकून बाईंनी आत जाऊन चहा केला, त्यात साखर घालायची विसरल्या, आणि आम्ही दोघांनी तो तसाच पिऊन टाकला.

पुढं हा रोजचाच शब्द झाला, असं बाईच मला सांगायच्या. एसटीतून घरी आले, पिशवी खुंटीला लागली, की "उतरला." त्याशिवाय पाण्याला हात लावायचे नाहीत.

आणि वर्गात 'हात मागं' सुरू झालं. स्टॉप दाबलं की, किंवा लाईट गेली की, पहिलं काम हात मागं. प्रोग्राम म्हणतो झीरो, ते ऐकायचं नाही. आपली ट्रॉली वर आहे असं धरायचं. मग एकेकानं सांगायचं की तेल अजून कुठं अडकलंय, भार कशावर उभा आहे, तो कसा खाली घ्यायचा. सगळं नीट आलं की ते म्हणणार, "उतरला." मग हात पुढं. यात निम्मा तास जायचा. पोरं आधी हसली, मग वैतागली, मग त्यांना सवय झाली. हळूहळू लाईट गेली की कॅन्टीनमध्येसुद्धा ह्यांच्या वर्गातली पोरं हात मागं घ्यायला लागली, चहाचा कप समोर तसाच ठेवून. थट्टेनं घ्यायची, पण घ्यायची.

कॉलेजची तपासणी करायला समिती आली, त्या दिवशी हे सगळं अंगाशी आलं. समितीतले गृहस्थ लॅबच्या दारात आले आणि नेमकी लाईट गेली. आत वर्गभर पोरं हात मागं बांधून चिडीचूप. गृहस्थांनी प्राचार्यांना विचारलं, "या मुलांना शिक्षा केलीय का?"

प्राचार्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "नाही साहेब. ट्रॉली वर आहे."

गृहस्थांनी वर बघितलं. वर बंद पंखा होता.

ते गेल्यावर प्राचार्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. मी बाहेर बाकावरच होतो. "हे पोरखेळ बंद करा," प्राचार्य म्हणाले. ह्यांनी सांगितलं, "टेबलावरचं यंत्र आणून द्या. खरा जॅक द्या एक. उद्यापासून बंद करतो." प्राचार्य म्हणाले, येईपर्यंत थांबा. ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर आले. मला म्हणाले, "चला, चहा घेऊ." बास. मला त्यांचा राग आला होता, की भांडत का नाही हा माणूस. पण मीसुद्धा बाकावर बसूनच ऐकत होतो, तेव्हा कोणी कोणावर रागवायचं.

त्यानंतर यंत्र आलं नाही, इन्व्हर्टर आला. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आलं, त्यात सर्किट सेव्ह व्हायचं. भिंतीवर मोठं चित्र दिसायचं. लाईट गेली तरी तेल धावतच राहायचं, तेव्हा अंगणात जायचं कारण उरलं नाही. त्या जूनला ह्यांची ऑर्डर निघाली नाही. त्यांनी पुठ्ठा पिशवीत घातला, लोखंडी टेबलावर एकदा हात फिरवला आणि एसटी स्टँडकडं चालत गेले. मी फाटकापर्यंत गेलो. मला वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही.

मग ते दौंडमध्येच एका गॅरेजवर ट्रॉल्यांचे जॅक दुरुस्त करायला लागले. मोबाईल आले होते. जुनी पोरं फोन करायची, कुणी रांजणगावच्या कंपनीत, कुणी पाटसला, कुणी जेसीबीवर. हे कधी 'कसा आहेस' म्हणून विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न हातांचा, "दोन्ही आहेत ना?" पलीकडून उत्तर, "हायेत सर, दोन्ही." मग पगार, लग्न, बाकी सगळं. एकदा माझ्यासमोरच कुणाशी तरी बोलले, फोन ठेवला आणि म्हणाले, "अजून सगळे शाबूत आहेत." त्या एवढ्याशा बातमीवर त्या माणसाचा आठवडा निघायचा. ते एक यंत्र सोडलं तर आयुष्यात दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही.

पुढं त्यांना पोटाचा आजार निघाला, आणि त्यांनी फार दिवस काढले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या वॉर्डातल्या विहारात होता. मी गेलो तेव्हा सतरंजीवर दाटी झालेली. माझे गुडघे बघून कुणीतरी दारापाशी प्लास्टिकची खुर्ची दिली. माझ्या पुढं जुनी पोरं उभी होती, बरीचशी कंपनीच्या निळ्या कपड्यांतच, शिफ्टवरून थेट आलेली. रेल्वे कॉलनीतली ती अबोल मुलगी होती, कडेवर लेकरू. इनामगावचा तो होता, आता चांगला जाडजूड, मिशा राखलेला. समोर फोटो, फोटोपुढं मेणबत्ती. वंदना झाली, पंचशील झालं. कुणी एक पुढारी माईकवर बोलायला उभे राहिले. त्यांची ह्यांच्याशी ओळख नसावी, कारण ते मोठ्या उत्साहानं बोलत होते.

मध्येच लाईट गेली. माईक मुका झाला, पंखे मंदावत मंदावत थांबले.

माझ्यापुढच्या सगळ्या पाठींवर हात आले. एकदम, न ठरवता. त्या मुलीनं लेकरू खाली ठेवलं आणि तिनंही घेतले. मी खुर्चीत मागंच होतो, मला नुसते हातच दिसत होते. ग्रीस बसलेले, भाजलेले, नखं काळी पडलेले. प्रत्येक पाठीवर दोन.

पुढारी गोंधळून बघत राहिले. लोक मागं वळून बघायला लागले. पोरं काही हात सोडेनात. वेळ जात राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की ती वाट बघतायत. जे म्हटल्याशिवाय हात पुढं घ्यायचे नसतात ते म्हणणारा माणूस फोटोत होता. इनामगावच्या पोराचे खांदे गदगदत होते, पण हात मागंच.

पुढच्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून एवढी सगळी पोरं बघितली. त्यांना समजायला वेळ लागला नाही, रोज संध्याकाळी घरात ऐकलेलं होतं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पदर नीट केला.

"उतरला रे बाळांनो," त्या म्हणाल्या. "घ्या हात पुढं."